समाजभवनातील समुपदेशन केंद्रात पहिल्यांदा जाताना

दक्षिण नागपुरातील एका समाजभवनात आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी समुपदेशन केंद्र चालते आणि तिथल्या नोंदणीच्या टेबलावर मी गेली नऊ वर्षे बसते. मी स्वतः समुपदेशक नाही. येणाऱ्याचे नाव लिहून घेणे, फाइल काढणे, पुढची वेळ ठरवून देणे आणि उन्हातून आलेल्याला माठातले पाणी देणे, एवढेच माझे काम आहे. परंतु दाराशी बसल्यामुळे एक गोष्ट मला आत बसणाऱ्यांपेक्षा अधिक दिसते, ती म्हणजे आत जाण्यापूर्वीची घालमेल. कोणी फाटकाशी दुचाकी उभी करून अर्धा तास तिथेच थांबतो. कोणी टेबलापर्यंत येतो, "शिवणक्लास इथेच असतो का?" असे विचारून परत फिरतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न घेऊन येतो. आत नेमके काय होते हे ठाऊक नसणे, हेच या घालमेलीचे मोठे कारण असते असे माझे मत झाले आहे, आणि म्हणून जे मी रोज तोंडी सांगते ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आरंभीच एक सांगितले पाहिजे. पहिल्या भेटीत तुमची परीक्षा होत नाही. समुपदेशक तुम्हाला समजून घेत असतो, तसेच तुम्हीही त्याला, त्या खोलीला आणि त्या केंद्राच्या रीतीला पारखून घ्यायचे असते. हे पारखणे कोणताही चांगला समुपदेशक उद्धटपणा मानत नाही.

पाटी एकच, कामे वेगवेगळी

नागपुरात 'समुपदेशन केंद्र' ही पाटी अनेक ठिकाणी दिसते, पण प्रत्येक पाटीमागचे काम सारखे नसते. ही गोष्ट न कळल्यामुळे लोकांचा जितका अपेक्षाभंग होतो तितका दुसऱ्या कशानेही होत नाही. समाजभवनात, बुद्धविहाराच्या अभ्यासिकेला लागून असलेल्या खोलीत किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेच्या कार्यालयात चालणारे केंद्र हे स्वेच्छेने आलेल्या माणसाचे ऐकून घेण्यासाठी असते. तिथे तुमच्याविरुद्ध किंवा तुमच्या बाजूने कोणाची तक्रार नोंदवली जात नाही. याउलट पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये किंवा पोलीस यंत्रणेशी जोडलेल्या महिला साहाय्य कक्षात गेल्यास काम बहुधा अर्जापासून सुरू होते, समोरच्या पक्षाला बोलावले जाते आणि दोघांची बाजू ऐकली जाते. कौटुंबिक न्यायालयातही समुपदेशक असतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानेच त्यांची तरतूद केलेली आहे, आणि तिथल्या समुपदेशनाचा रोख समेट शक्य आहे का हे पाहण्याकडे असतो. ही तिन्ही कामे आवश्यक आहेत. मात्र ज्या बाईला केवळ कोणाजवळ तरी मन मोकळे करायचे आहे, नवऱ्याला अजून काहीही कळू द्यायचे नाही, ती जर चुकून तक्रारीच्या ठिकाणी गेली तर आठवडाभरात घरी बोलावणे येऊन तिची अवस्था आणखी बिकट होऊ शकते. म्हणून पायरी चढण्यापूर्वी एवढेच विचारावे: "मी इथे बोललो तर तुम्ही दुसऱ्या कोणाला बोलावता का?"

दुसरा प्रश्न समुपदेशकाच्या शिक्षणाचा. वस्तीतल्या केंद्रांत बहुतेक जण समाजकार्यात किंवा मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असतात. या शहरात मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आणि तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय अशा जुन्या संस्था असल्यामुळे एम.एस.डब्ल्यू. झालेली माणसे नागपूरला नवीन नाहीत. 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' म्हणवून घेणाऱ्याची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, आणि मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. तुमच्यासमोर यांपैकी कोण बसले आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. "ताई, आपले शिक्षण कशात झाले?" या प्रश्नाने आमच्या केंद्रात आजवर कोणाला राग आलेला नाही, आणि ज्याला राग येतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये असे मी स्पष्टपणे म्हणेन.

जाण्याआधीचा फोन

शक्य असल्यास आधी फोन करावा. फोनवर आपली समस्या सांगण्याची मुळीच गरज नसते. केंद्र कोणत्या दिवशी उघडे असते, वेळ आधी ठरवावी लागते की आल्याच्या क्रमाने बसवतात, शुल्क आहे का, असल्यास किती, स्त्री समुपदेशक मिळेल का, मराठीत बोलायचे की हिंदीतही चालेल, आणि बोलण्यासाठी बंद खोली आहे का, एवढे विचारून घ्यावे. भाषेचा प्रश्न नागपुरात किरकोळ नाही. जरीपटक्याकडच्या किंवा मोमिनपुऱ्यातल्या माणसाला मनातले दुःख हिंदीत सांगणे सोपे जाते, तर भिवापूर-उमरेडकडून शहरात आलेल्या म्हाताऱ्या बाईला पुस्तकी मराठीचाच धाक वाटतो. "मले काई झालं नाई जी, पोरीनं आणलं म्हून आली," असे म्हणणाऱ्या एका आजींशी आमच्या समुपदेशक ताई त्यांच्याच बोलीत बोलू लागल्या, तेव्हा पंधरा मिनिटांनी आजींनी पदराने डोळे पुसलेले मी दाराच्या काचेतून पाहिले. आपल्याला ज्या बोलीत रडता येते त्या बोलीत बोलण्याची मुभा मागून घ्यावी.

घरचा फोन दुसरे कोणी तपासत असेल तर तेही आधीच सांगावे. नोंदणी करताना मी प्रत्येकाला विचारते की केंद्रातून फोन केला तर चालेल का, कोणत्या वेळी करायचा, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर मी कोण म्हणून सांगायचे. एका ताईंनी मला "बचतगटातून बोलते असे सांगा" म्हणून बजावले होते आणि त्यांची फाइल चालू होती तोवर मी तसेच सांगत आले. तुमच्या केंद्राने हे आपणहून विचारले नाही तर तुम्ही सांगावे.

सोबत काय न्यावे, असा प्रश्न हमखास येतो. पूर्वी कोणत्या डॉक्टरांकडे उपचार घेतले असतील तर त्यांच्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटे आणि अलीकडच्या रक्ततपासणीचे कागद न्यावेत. ओळखपत्र मागितल्यास ते कशासाठी हवे आणि त्याची प्रत कुठे ठेवली जाते हे विचारावे. सोबत कोणी आणायचे की नाही हा तुमचा निर्णय आहे. फक्त एवढे लक्षात ठेवावे की सोबतच्या माणसाला बहुधा बाहेर बसवतात, आणि ते त्याच्यावरच्या अविश्वासापोटी केलेले नसते.

टेबलापाशी

नोंदवहीत नाव, वय, राहण्याचा भाग आणि फोन क्रमांक लिहून घेतात. 'येण्याचे कारण' असा रकाना असतो, पण तो तुम्ही टेबलावर भरून देणे बंधनकारक नाही. "आत सांगते" एवढे म्हटले तरी पुरते. मागे चार माणसे बाकावर बसलेली असताना कोणाला मोठ्याने "काय त्रास आहे?" असे विचारणे चूकच आहे आणि कोणी तसे विचारले तर उत्तर देऊ नये.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहिते, त्यालाही कारण आहे. या कामात येण्यापूर्वी, वडील गेल्यानंतरच्या वर्षी, मी स्वतः शहरातल्या एका केंद्रात गेले होते. समुपदेशक बाई चांगल्या होत्या, पण खोलीचे दार उघडेच होते आणि दाराबाहेरच्या खुर्चीवर मला सोडायला आलेला माझा दीर बसला होता. मी जे काही बोलले ते त्याने ऐकले आणि रात्रीपर्यंत ते आमच्या सगळ्या घराला कळले. त्यानंतर दीड वर्ष मी कुठेही गेले नाही. दार लावून घ्या, एवढे तीन शब्द म्हणायचे मला त्या वेळी सुचले नाही. आता आमच्या खोलीचे दार लागले की नाही हे मी दर वेळी उठून पाहते. उन्हाळ्यात कूलर लावतो तेव्हा त्याच्या आवाजाने आतल्यांना एकमेकांचे बोलणे नीट ऐकू येत नाही, म्हणून पुष्कळ जण तो बंद करायला सांगतात. आम्ही तो बंद न करता खोलीतून उचलून दाराबाहेर ठेवला आहे. थंड हवा खिडकीतून आत जाते आणि घरघर बाकावर बसणाऱ्यांच्या कानाशी राहते, त्यामुळे आतला शब्द बाहेर येत नाही.

बंद दाराआड

पहिले सत्र साधारण पाऊण ते एक तासाचे असते. आरंभी समुपदेशक स्वतःची ओळख करून देतात, गोपनीयतेचा नियम सांगतात आणि संमतीपत्रावर सही घेतात. संमतीपत्र वाचून घ्यावे, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे. समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी केंद्रात येत असतील तर त्यांच्यापैकी कोणी सत्रात बसणार आहे का हेही याच वेळी कळले पाहिजे. "आज मला एकटीलाच बोलायचे आहे" असे म्हटल्यास विद्यार्थ्याला बाहेर बसवतात आणि त्याबद्दल कोणाला वाईट वाटत नाही.

त्यानंतर प्रश्न सुरू होतात, आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते विषयाला सोडून असल्यासारखे वाटतात. झोप किती लागते, मध्यरात्री जाग येते का, जेवण पूर्वीइतके जाते का, घरात कोण कोण आहे, पैसे कोणाच्या हातात असतात, थायरॉइड किंवा मधुमेह आहे का, खर्रा, तंबाखू, दारू यांपैकी काही चालते का, घरात पूर्वी कोणाला मनाचा आजार होता का. एका दादांनी बाहेर येऊन माझ्याकडे तक्रार केली की, मी भावाशी झालेल्या वाटणीच्या भांडणाबद्दल बोलायला आलो आणि बाई माझी झोप विचारत बसल्या. पण झोप आणि भूक यांचे प्रश्न विनाकारण नसतात. थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही माणूस खिन्न, थकलेला आणि चिडचिडा होतो. अशा वेळी नुसते बोलून बरे वाटणार नाही, हे समुपदेशकाला ठाऊक असते आणि म्हणून तो आधी रक्त तपासून घ्यायला सांगू शकतो.

काही केंद्रांत नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, असे प्रत्येक प्रश्नाचे स्वरूप असते आणि 'अजिबात नाही', 'काही दिवस', 'अर्ध्याहून अधिक दिवस', 'जवळजवळ रोज' अशा चार उत्तरांपैकी एकावर खूण करायची असते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात आणि एकूण बेरीज जास्तीत जास्त २७ होते. कागद हातात आला की माणसे पेपर सोडवायला बसल्यासारखी बसतात. पन्नाशीच्या एका गृहस्थांनी पेन घट्ट धरून पहिल्या दोन ओळींना 'अजिबात नाही'वर झरझर खुणा केल्या आणि झोपेच्या ओळीवर त्यांचा हात थांबला. बराच वेळ ते त्या ओळीकडे पाहत राहिले. मग वरच्या दोन्ही खुणा खोडून त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून भरला. या कागदावरची बेरीज म्हणजे निदान नव्हे. त्रास किती आहे याचा अंदाज घेण्यासाठी आणि दोन महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरून फरक पडला का हे पाहण्यासाठी तो असतो. त्यामुळे त्यात चांगले दिसण्याचा प्रयत्न केला तर नुकसान आपलेच होते.

त्याच कागदाच्या शेवटी, किंवा कागद नसल्यास बोलण्याच्या ओघात, मरून जावे असे विचार येतात का, असा प्रश्न सरळ शब्दांत विचारला जातो. तो ऐकून पुष्कळ जण दचकतात. 'यांनी मला वेडी ठरवले की काय' असे वाटते. तसे नसते. हा प्रश्न सर्वांना विचारतात, आणि विचारल्यामुळे असा विचार मनात शिरत नाही, उलट जो तो विचार एकट्याने वाहत असतो त्याला ते ओझे पहिल्यांदा खाली ठेवता येते. उत्तर 'हो' असेल तर 'हो' असेच सांगावे. त्यानंतर समुपदेशक अधिक तपशिलात विचारतील, घरात कीटकनाशक, गोळ्यांचा साठा असे काही हाताशी आहे का हे विचारतील आणि ते कोणाकडे सोपवता येईल ते तुमच्याबरोबर ठरवतील.

रडू आले तर रडावे. टेबलावर कागदी रुमाल ठेवलेले असतात ते त्यासाठीच. बोलता बोलता शब्द संपले आणि दोन-तीन मिनिटे कोणीच काही बोलले नाही, तरी समुपदेशकाला कंटाळा आला असे समजू नये. त्या शांततेची त्यांना सवय असते. समुपदेशक वहीत काही लिहीत असतील आणि त्याने अस्वस्थ वाटत असेल तर "काय लिहिता?" हे विचारावे. आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर आज द्यायचे नसेल तर "हे पुढच्या वेळी" असे म्हणून पुढे जावे. पहिल्याच दिवशी सगळे आयुष्य उलगडून दाखवले पाहिजे असा नियम नाही. खरे तर जी माणसे पहिल्याच तासात सगळे सांगून टाकतात त्यांना घरी गेल्यावर उघडे पडल्यासारखे वाटते आणि ती दुसऱ्यांदा येत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बोललेले कुठपर्यंत जाते

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपली माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. वस्तीतले केंद्र रुग्णालय नसले तरी चांगली केंद्रे हाच नियम पाळतात. तुमची फाइल कुलूपबंद कपाटात राहते, तुमचा नवरा, सासू, मालक किंवा शाळेचे मुख्याध्यापक विचारायला आले तरी "अशी व्यक्ती येते की नाही हेही आम्ही सांगत नाही" असे उत्तर दिले जाते. समुपदेशक आपल्या वरिष्ठांशी प्रकरणाची चर्चा करतात, पण त्यात नाव घेत नाहीत. केंद्राच्या कार्यक्रमाची छायाचित्रे काढली जात असतील तर त्यात येण्यास नकार द्यावा.

अपवादही आहेत आणि ते आधीच समजून घेणे बरे. तुमच्या जिवाला किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तर जवळच्या माणसाला किंवा डॉक्टरांना कळवले जाते. न्यायालयाने आदेश दिला तर नोंदी द्याव्या लागतात. आणि अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. समुपदेशकाला त्यात सूट नाही. आई मुलीला घेऊन येते आणि "हे कुठेही सांगू नका, आधी वचन द्या" असे म्हणते, तेव्हा समुपदेशकाला तसे वचन देता येत नाही, आणि जो देतो तो चुकीचे करतो.

वस्तीतल्या केंद्राची एक अडचण शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला नसते, ती म्हणजे ओळखीची माणसे. समुपदेशक तुमच्या मावशीची शेजारीण निघू शकते. तसे दिसताच संकोच न करता दुसऱ्या समुपदेशकाची मागणी करावी किंवा केंद्र बदलावे, सक्करदऱ्याचा माणूस धरमपेठेतल्या केंद्रात गेला म्हणून कोणी अडवत नाही. गोकुळपेठच्या बाजारात समुपदेशक समोर आले आणि त्यांनी ओळख दाखवली नाही तर रागावू नये. तुम्ही आधी नमस्कार केल्याशिवाय त्यांनी करायचा नाही, अशीच रीत आहे.

समुपदेशक काय करत नाही

तो गोळ्या लिहून देत नाही, कारण तो अधिकार डॉक्टरांचा आहे. तो "नवऱ्याला सोड" किंवा "सासरी परत जा" असा निकाल देत नाही. पुष्कळ जणांची निराशा इथेच होते. "एवढा तास बोललो, पण काय करायचे ते सांगितलेच नाही," असे म्हणत ते बाहेर येतात. आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी मार्ग सांगायचा आणि धाकट्यांनी ऐकायचे ही सवय खोल रुजलेली आहे, त्यामुळे खुर्चीवर बसलेल्या शिकलेल्या माणसाकडूनही तीच अपेक्षा असते. पण दुसऱ्याने घेतलेला निर्णय निभावताना तुम्ही एकटे असता. समुपदेशक तुमच्यासमोरच्या वाटा तुमच्याकडूनच मोजून घेतो, प्रत्येक वाटेवर काय गमवावे लागेल हे बोलायला लावतो, आणि मग तुम्ही जो निर्णय घ्याल तो निभावण्यासाठी सोबत करतो. कोणी समुपदेशक अंगारा, उपास, पत्रिका असे उपाय सुचवू लागला, स्वतःच्या घरी खासगीत भेटायला बोलावू लागला किंवा उसने पैसे मागू लागला, तर त्या केंद्राच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार करून तिथे जाणे थांबवावे.

जोडप्यांबाबत एकच गोष्ट, पण ती महत्त्वाची. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर पहिल्याच भेटीला दोघांनी एकत्र बसू नये. मारणाऱ्यासमोर खरे बोलता येत नाही, आणि बोललेच तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. आधी स्वतंत्र वेळ मागावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्यापर्यंत कसे पोहोचायचे हे केंद्राने तुम्हाला सांगितले पाहिजे. महिलांसाठीचा १८१ हा क्रमांकही आहे. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते, परंतु दहावी-बारावीच्या किंवा नीटच्या तयारीने खचलेल्या मुलाला एकट्याने बोलू द्यावे, आणि बाहेर आल्यावर "काय काय सांगितलेस?" असे विचारू नये.

केंद्राच्या आवाक्याबाहेरचे

कानात आवाज येणे, सतत कोणीतरी पाळतीवर आहे असे वाटणे, रात्र रात्र झोप न लागता अतोनात उत्साह असणे, दारू सोडताच हात थरथरून भास होऊ लागणे, यांवर बोलण्याचा उपचार पुरेसा नसतो. अशा वेळी समुपदेशक चिठ्ठी देऊन मेडिकल व मेयो या सरकारी रुग्णालयांकडे, मिहानमधील एम्सकडे किंवा मानकापूर भागातील प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे पाठवतात. मनोरुग्णालयाचे नाव काढताच माणसे हबकतात. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, लोक सकाळी केस पेपर काढतात, डॉक्टरांना भेटतात आणि औषधे घेऊन घरी जातात, हे मी दर महिन्याला कोणाला तरी समजावून सांगते. नैराश्यावरच्या औषधांचा गुण जाणवायला साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती मनानेच बंद करू नयेत. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांना विचारल्याखेरीज थांबवू नयेत. औषध चालू असताना समुपदेशनाला येता येते.

आमचे केंद्र आठवड्यातून दोनच दिवस उघडे असते आणि संकट दिवस पाहून येत नाही. रात्रीअपरात्री मन आवरेनासे झाले तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती चोवीस तास आणि विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. कोणी जिवाचे काही करून घेतले असेल तर समुपदेशन केंद्राचा विचारही न करता थेट जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा किंवा ११२ ला फोन करावा. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लोक मौल्यवान वेळ घालवतात. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ असे सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाईल आणि तिला शिक्षा केली जाणार नाही. उलट तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य मानले आहे.

पुढच्या भेटी

पहिल्या भेटीनंतर पुष्कळांना हलके वाटते, तर काहींना दोन-तीन दिवस उलट अधिक जड वाटते, कारण झाकलेले उघडे झालेले असते. दोन्ही स्वाभाविक आहे. पुढच्या भेटी बहुधा आठवड्याने किंवा पंधरवड्याने असतात. किती लागतील हे पहिल्याच दिवशी विचारावे, नेमका आकडा मिळाला नाही तरी चार-पाच भेटींनंतर आपण कुठे आहोत हे दोघांनी मिळून पाहू, असे उत्तर मिळायला हवे. मधल्या काळात समुपदेशक लहानसहान कामे देतात: संध्याकाळी वीस मिनिटे चालून येणे, राग आला ती वेळ वहीत लिहिणे, अबोला धरलेल्या बहिणीला एक फोन करणे. ते काम झाले नाही म्हणून भेट टाळू नये. "नाही जमले" हे सांगण्यातूनच पुढचे बोलणे निघते. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे, तुमची वेळ बाकावर थांबलेल्या दुसऱ्या कोणाला देता येते.

तीन भेटींनंतरही समुपदेशकाशी सूर जुळत नाही असे वाटले तर ते त्यांनाच सांगावे, आणि सांगणे जड जात असेल तर टेबलावर सांगावे. आम्ही दुसऱ्या समुपदेशकाची वेळ देतो आणि कारण विचारत नाही. आता बरे आहे, थांबावे, असे वाटले तर मध्येच नाहीसे न होता एक शेवटची भेट घ्यावी. त्या भेटीत काय बदलले हे दोघे मिळून पाहतात आणि पुन्हा त्रास सुरू झाल्याची पहिली खूण कोणती असेल हे लिहून ठेवतात. फाइल बंद झाली तरी तिचा क्रमांक तसाच राहतो. तो मी एका छोट्या चिठ्ठीवर लिहून हातात देते. ती चिठ्ठी पाकिटात किंवा आधार कार्डाच्या मागे ठेवावी, म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा यावेसे वाटले तर टेबलावर नुसती चिठ्ठी ठेवता येते आणि पहिल्यापासून काही सांगावे लागत नाही.